मुलुंड पश्चिम शांत

सोमवार, ६ जानेवारी २०२५

कंट्रोल रूमला एकही खिडकी नाही. आत गेलं की दार पाठीमागे हळूच मिटतं आणि बाहेरचं मुलुंड, रिक्षा, ऊन, सगळं कुणीतरी पाण्याखाली दाबून धरल्यासारखं गप्प होतं. समोर भिंतभर नकाशा आहे. विक्रोळीपासून मुलुंडपर्यंत जमिनीखालून गेलेल्या गॅसच्या पाइपांचा. निळ्या रेघा, त्यांच्यावर हिरवे ठिपके. रस्ते नाहीत, इमारती नाहीत, दुकानं नाहीत. घराघरातल्या शेगड्यांकडे निघालेली एक न दिसणारी नदी, बस. पहिली दहा मिनिटं मी नुसती बघतच राहिले.

पवईला माझी पीएच.डी. चालू आहे. विषय असा, की कंट्रोल रूममधली माणसं मिळून काम कसं करतात आणि त्यांच्या हातून होणाऱ्या चुका कमी कशा करता येतील. खूप ठिकाणी नकार घेतल्यावर ही गॅस कंपनी तयार झाली. दहा आठवडे बसायचं. मला कोपऱ्यात एक खुर्ची दिली आहे, टेबलावर माझा रेकॉर्डर. सगळ्यांनी कागदावर सह्या केल्या. रेकॉर्डिंग फक्त अभ्यासासाठी, ज्याचा आवाज त्याने हो म्हटल्याशिवाय कंपनीच्या हातात जाणार नाही.

माझ्या गाइड उत्तरामॅडम सकाळी फोनवर म्हणाल्या, "काम चालू असताना मध्ये बोलू नकोस. तू तिथे भिंत आहेस असं समज."

मी म्हटलं, मॅडम, मला माहीत आहे.

बुधवार, ८ जानेवारी

पहिल्या शिफ्टला अंबादासकाका असतात, सकाळी सात ते दुपारी तीन. अंबादास तांडेल. वय सत्तावन्न, इथे बावीस वर्षं. चेंबूरपलीकडच्या कोळीवाड्यातून येतात. तीनला मालनताई येतात, त्या रात्री अकरापर्यंत. दोघं दिवसातून पंधरा मिनिटंच एकमेकांना भेटतात आणि तरी एका घरातल्यासारखे बोलतात.

काका फार बोलतात. स्क्रीनशी, नकाशाशी, चहाच्या कपाशी. मी एक खूण ठरवली आहे, 'क', म्हणजे कामाव्यतिरिक्त बोलणं. आज एका शिफ्टमध्ये एकसष्ट वेळा 'क' लिहिलं.

मंगळवार, १४ जानेवारी. संक्रांत

आज काकांनी मला मुंबई दाखवली. म्हणजे स्क्रीनवरची एक वाकडी रेघ.

"ही बघा मॅडम, भांडुप उठलं." सव्वासहाला उठलेली ती रेघ त्यांनी मला नंतर मागे नेऊन दाखवली. "पहिला चहा. आता ही थोडी बसली, म्हणजे अंघोळी. साडेसातला डबे. बघा, कशी चढली. रविवारी हीच रेघ तासभर लोळत पडते."

"आणि दुपारी?"

"दुपारी सगळे झोपतात. मुलुंडचा चहा पाचला. साडेचारला कोण ठेवत नाय. चार-पाच म्हातारे असतील, तेवढेच."

मग त्यांनी कालची संध्याकाळ काढली. आठ ते दहा, रेघेला एक रुंद, मऊ फुगवटा होता, रोज नसतो असा. "गुळाचा पाक," काका म्हणाले. "अख्खं उपनगर लाडू वळत बसलं होतं."

मी तो फुगवटा किती वेळ बघत होते. त्यात कुठेतरी आमच्या घाटकोपरच्या खोलीतली आईची कढई होती. गॅस दुसऱ्या पाइपवरून येतो आमचा, हे ठाऊक असूनही मला ती दिसली.

नोंद: क, क, क.

शुक्रवार, १७ जानेवारी

पहाटे स्वप्न पडलं. मी एका निळ्या पाइपातून चालले होते, वाकावंही लागत नव्हतं. वर झाकणं वाजत होती, भांडी लागत होती, कुणीतरी कुणाला तरी वाढत होतं. माझ्या हातात वही होती आणि मी कुठलं घर ते लिहून घेत होते. पानं मात्र ओली, अक्षर उठेना.

जागी झाले तेव्हा आई पोळ्या लाटत होती. तिला सांगितलं. ती म्हणाली, "पाइपात्सून चालत होतंस? मगे चपला खय काढलंस?"

गुरुवार, २३ जानेवारी

तीन वाजताचं चार्ज देणं हा या खोलीतला सर्वांत सुंदर भाग आहे.

काका उभे राहतात. मालनताई खुर्चीत बसतात, हात मांडीवर. मग काका विक्रोळीपासून सुरू करतात, गॅस ज्या दिशेने जातो त्याच दिशेने, एकेक नाव घेत. "विक्रोळी शांत. कांजूर शांत. भांडुप, सोनापूरच्या व्हॉल्व्हवर माणसं आहेत, चारला उठतील. नाहूर शांत. मुलुंड पश्चिम शांत. मुलुंड पूर्व शांत." कागदावर बघतही नाहीत. आरती म्हणतात तसं, एका लयीत. प्रत्येक नावाला मालनताई नुसती मान हलवतात.

तांत्रिकदृष्ट्या यात धोका आहे. सगळं तोंडी. एक आणखी पाहिलं: कुठे दुरुस्ती चालू असेल तर तिथला अलार्म तेवढ्यापुरता गप्प करून ठेवतात, नाहीतर तो सारखा केकाटत राहतो. गप्प केलेल्या अलार्मची खूण स्क्रीनवर तांदळाच्या दाण्याएवढी, राखाडी. दिसतच नाही. तो परत चालू करायची आठवण फक्त या तोंडी चार्जमध्ये.

लिहून ठेवलं. सावकाश मांडू.

गुरुवार, ३० जानेवारी. दुपारी साडेतीन, कॅन्टीन

आजची गंमत लगेच लिहून ठेवते, नाहीतर विसरेन.

चार्ज देताना काकांची लय ऐकत होते आणि राहवलंच नाही. म्हटलं, "काका, तुम्ही नेहमी याच क्रमाने सांगता?" काका माझ्याकडे वळले, हसले. म्हणाले, माझा बा होडी बाहेर काढताना पाण्याखालच्या खडकांची नावं घ्यायचा. एका मागून एक, किनाऱ्यापासून आत. नाव घेतलं की खडक दिसतो, नाही घेतलं तर होडीला लागतो. मी तेच करतो, फक्त पाणी नाय.

खडकांची नावं. काय सुरेख गोष्ट. तीन आठवडे या खोलीत बसल्याचं सार्थक झालं. हे माझ्या प्रबंधाच्या पहिल्या पानावर जाणार.

मालनताईंनाही आवडलं असावं, त्याही हसल्या. मग उरलेला चार्ज झाला आणि काका डबा उचलून गेले.

त्याच दिवशी, संध्याकाळी सात

क्रमाने लिहायचा प्रयत्न करते.

मुलुंड पश्चिमेला केबलसाठी खणणाऱ्या जेसीबीने गॅसचा पाइप फोडला. चार बत्तीसला. अलार्म वाजला नाही. सकाळी तिथे दुरुस्ती होती म्हणून काकांनी तो गप्प केला होता, आणि चार्ज देताना ते मालनताईंना सांगायचं राहिलं. दाब उतरत होता आणि खोली शांत होती. मी कॅन्टीनमधून परत येऊन कोपऱ्यात बसले होते. मलाही काही कळलं नाही.

चार चोपन्नला मालनताई एकदम पुढे वाकल्या. म्हणाल्या, "साडेचारपासून मुलुंडला एवढा चहा लागत नाय." मग त्यांचे हात इतके भराभर चालले की मला काय काय दाबलं ते लिहिता आलं नाही. तीन मिनिटांत व्हॉल्व्ह बंद.

पण चार एक्कावन्नलाच पेट घेतला होता. पाइपापासून पंधरा पावलांवर एका इस्त्रीवाल्याची टपरी आहे. कोळशाची इस्त्री. त्याने झाकण उघडलं निखारे भरायला, आणि हवाच पेटली. भीमराज नाव. दोन्ही हात आणि गाल भाजलाय. जीव वाचेल म्हणतात.

बावीस मिनिटं.

सोमवार, ३ फेब्रुवारी

अंबादासकाकांना कामावरून थांबवलं आहे. चौकशी होईपर्यंत.

शुक्रवारी त्यांना बोलावलं होतं तेव्हा मी खोलीतच होते. सुरक्षा विभागाचे देवेशसर समोर बसले. त्यांनी विचारलं, मुलुंड पश्चिम कसं राहिलं? काका हातांकडे बघत होते. "आठवत नाय साहेब. मला वाटतंय मी बोललो. माझ्या कानात आहे ते. पण बोललो असतो तर मालनला कळलं असतं."

मालनताई म्हणाल्या, "मलापण वाटतंय मी ऐकलं."

देवेशसरांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि काहीतरी लिहिलं. नंतर मला बाहेर गाठून म्हणाले, "तुम्ही बाहेरच्या, तुमच्या शब्दाला वजन आहे. एक टिपण द्या. माणसाकडून काय चुकलं, एवढंच."

खोलीत दुसरे कोणी बसतात आता. ते नावं घेत नाहीत. भिंतीवर हिरवे ठिपके तसेच.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

टिपणाचा खर्डा झाला, देवेशसरांना पाठवला. चार पानं. वय, सवयीमुळे आलेला सैलपणा, तोंडी चार्ज, कामाव्यतिरिक्त बोलण्याचं प्रमाण (सरासरी अठ्ठावन्न). उपाय: खोलीत शांतता, छापील यादी. वाईट वाटतंय काकांचं, पण शास्त्र शास्त्राच्या जागी.

आईने जेवताना विचारलं, त्या माणसाक काढतले काय? म्हटलं, विसरला गं तो, महत्त्वाचं विसरला. तर म्हणते, "मी कुकराच्यो शिट्यो मोजतंय, नि तू मधीच कायतरी इचारतंस. मगे माका वाटता चार झाल्यो. झालेल्यो असतत दोनच. तुझ्यामुळे परवा तांदूळ कच्चो रवलो."

मला हसू आलं. दोनशे किलोमीटर पाइपांचं काम आणि हिचा कुकर.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

टिपणाला जोडायला ३० तारखेच्या चार्जचा शब्दशः उतारा हवा होता. सकाळी पवईला लायब्ररीत कानाला लावून बसले. खिडकीतून तलाव दिसत होता, वर धुकं.

उतारा असा:

काका: नाहूर शांत. मुलुंड पश्चिम...
मी: काका, तुम्ही नेहमी याच क्रमाने सांगता?

मग खडकांची गोष्ट. पन्नास सेकंद. मग मालनताईंचा आवाज, हसत: "हां काका, मुलुंड पश्चिम झालं, पुढे?"

काका: मुलुंड पूर्व शांत.

अकरा वेळा ऐकलं. नाव घेतलं गेलं होतं. दोघांच्या कानात ते होतं, दोघंही खरं सांगत होती. नावापुढचं राहिलं. नावापुढे मी होते.

तलावावरचं धुकं विरलं, ऊन पडलं, पलीकडच्या इमारती एकेक करून पाण्यातून वर आल्यासारख्या दिसायला लागल्या. मी तिथेच. कुणीतरी येऊन म्हणालं, ताई, जागा सोडणार आहात का?

बुधवार, १२ फेब्रुवारी

आज लिहायचं नाही.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

रेकॉर्डिंग कुणी मागितलेलंच नाही. सह्यांच्या कागदावर स्पष्ट लिहिलंय, कंपनीला द्यायचं नाही. मी नियम पाळला तर कुणी मला काही म्हणणार नाही. उलट कौतुक होईल.

हे वाक्य दुपारपासून तीनदा लिहून खोडलं. चौथ्यांदा राहू देते. हे मीच लिहिलंय.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

उत्तरामॅडमना सांगितलं. त्यांच्या केबिनचं दार लावून, उभ्याउभ्याच. त्यांनी ऐकलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"कितीदा सांगितलं होतं मी?"

"तीनदा."

"चौथ्यांदा सांगायला हवं होतं की काय."

मी म्हटलं, नियमाप्रमाणे फाइल देता येत नाही.

"देता येत नाहीच. पण तो नियम कुणासाठी केलाय, हेमांगी? ज्यांचा आवाज आहे त्यांच्यासाठी. त्या दोघांना विचार. ते हो म्हणाले तर तुझ्यासाठी नियम उरत नाही." मग चष्मा परत लावून म्हणाल्या, "आणि हे बाहेर आलं की तुझा अभ्यास बहुतेक बंद होईल. माझीही चौकशी होईल. ते धरून चाल."

संध्याकाळी मालनताईंना फोन केला. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "माझी हरकत नाय. पण आधी काकांकडे जा. फोन नको करू. जा."

रविवार, १६ फेब्रुवारी

कोळीवाड्यात पोचले तेव्हा ओहोटी होती. पाणी खूप आत गेलेलं, होड्या चिखलात कुशीवर निजलेल्या. दुपारचं ऊन त्या चिखलावर असं पडलं होतं की कुठे जमीन संपते आणि कुठे समुद्र सुरू होतो ते कळत नव्हतं. कुणी घाईत नव्हतं. एका बाईला घर विचारलं, तिने सुपाने दिशा दाखवली.

काका ओट्यावर बसले होते. दाढी वाढलेली. त्यांची बायको, पार्वतीमावशी, बाजारातून नुकत्याच आल्या होत्या, टोपली धूत होत्या. मला खुर्ची दिली, पाणी दिलं. काका चिखलातल्या होड्यांकडे बघत राहिले. या माणसाच्या नावापुढे मी एका शिफ्टला एकसष्ट 'क' लिहिले होते.

मावशीच म्हणाल्या, "काय सांगू बाय. कुलूप लावून चारदा बघतो. भाजीला गेला तर चिठ्ठी मागतो. याचा बा शेवटी आपली होडी ओळखत नव्हता. याला वाटतं आपलंपण तसंच सुरू झालं. राजीनामा लिवून ठेवलाय, उद्या देणार."

"तू आत जा गं," काका म्हणाले. त्या गेल्या नाहीत.

मी म्हटलं, काका, तुम्हाला काही ऐकवायचंय. रेकॉर्डर त्यांच्या हातात दिला. ते डोळे मिटून ऐकत होते. स्वतःचा आवाज ऐकताना त्यांची मान हलत होती, विक्रोळी, कांजूर, भांडुप. मग माझा प्रश्न आला. मग खडक. मग मुलुंड पूर्व शांत.

"परत लावा."

परत लावलं. या वेळी त्यांनी डोळे उघडे ठेवले होते.

"म्हणजे मी विसरलो नव्हतो," ते म्हणाले. मला नाही, मावशींना. "ऐकलंस? तोंडात होतं माझ्या."

पार्वतीमावशींनी पदर तोंडाला लावला आणि आत गेल्या.

काका रेकॉर्डर उलटसुलट करून बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, "तुम्हाला कधी कळलं हे?"

"मंगळवारी."

"आज रविवार."

पाच दिवस.

"तेवढे दिवस मी इथे बसून पोरांची नावं पाठ करत होतो," ते म्हणाले. आवाज चढला नाही. "नातवंडांची. दर सकाळी. बघायला की येतात का."

"काका, माझी चूक आहे. प्रश्न विचारला ती आणि थांबले तीही."

"प्रश्न विचारलात, ठीक. मीपण थांबायला नको होतं. चार्ज देताना कोण कुणाचं ऐकतो? मला बरं वाटलं कोणीतरी विचारलं म्हणून." ते ओहोटीकडे बघत होते. "थांबलात ते मात्र बरं नाय केलंत."

"हो."

"उद्या ऐकवा त्यांना. सगळं. तुमचा आवाजपण."

निघताना मावशींनी एका पिशवीत सुकट बांधून दिली. मी नको म्हणत होते. त्यांनी माझ्याकडे न बघताच पिशवी हातात कोंबली. परत येताना चिखलातल्या होड्यांखाली पाणी आलं होतं. त्या हळूहळू सरळ होत होत्या, कुणी हात न लावता.

गुरुवार, २० फेब्रुवारी

चौकशीची बैठक. सोमवारीच देवेशसरांना फाइल दिली होती, काकांचा राजीनामा त्यांच्या खिशातच राहिला. आज सगळ्यांसमोर लावली.

माझा प्रश्न आला तिथे देवेशसरांनी रेकॉर्डर थांबवला. "हा आवाज कुणाचा?" त्यांना माहीत होतं. त्यांना ते माझ्या तोंडून हवं होतं.

"माझा."

"तुम्हाला मध्ये न बोलण्याची अट होती?"

"होती."

"तुमच्या टिपणाच्या खर्ड्यात याचा उल्लेख नाही."

"तेव्हा मी ऐकलं नव्हतं. ऐकल्यावर पाच दिवस काकांना सांगितलं नाही."

एका साहेबांनी शेजारच्याकडे पाहिलं. मला त्या क्षणी फक्त भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा दिसत होता, तोही फार सावकाश जात होता. मग मालनताई उठल्या आणि त्यांनी त्या दिवशीच्या स्क्रीनचा फोटो सगळ्यांसमोर धरला. "यात मुलुंड पश्चिमचा बंद अलार्म शोधून दाखवा. एकेचाळीस दाणे आहेत असे."

चार जणांनी शोधला. एकालाही सापडला नाही. देवेशसरांनी चष्मा वर करून सर्वांत जास्त वेळ शोधला.

मंगळवार, ४ मार्च

निकाल लागला. अंबादासकाका कामावर परत. नव्या लोकांना शिकवणं आणि सकाळची शिफ्ट. चार्ज चालू असताना खोलीत तिसरं माणूस नको. कुणी मध्ये बोललंच, तर परत विक्रोळीपासून सुरुवात. गप्प केलेला अलार्म आता तासाभराने आपणहून चालू होईल. भीमराजच्या उपचारांचं कंपनी बघते आहे.

माझा अभ्यास थांबवला. नोंदी परत केल्या, कंपनीतला प्रवेश बंद. संस्थेने लेखी खुलासा मागितला आहे, उत्तरामॅडमकडूनही. पीएच.डी. नव्याने नोंदवावी लागेल, कदाचित दुसऱ्या विषयावर. आईने विचारलं, म्हणजे तीन वरसां फुकट गेली? म्हटलं, माहीत नाही. तिने पुढे विचारलं नाही, चहा ठेवला.

मला वाटलं होतं, सांगून टाकलं की हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. जड वाटतंय असंही नाही. दुपारी खूप झोपते आणि जागी होते तेव्हा भिंतीवर निळ्या रेघा शोधते.

एका माणसाला अजून कुणीच काही सांगितलेलं नाही, हे आज जाणवलं.

रविवार, ९ मार्च

भीमराजची टपरी परत उभी आहे. नवं पत्र्याचं छप्पर, शेजारी बुजवलेला खड्डा, त्यावर डांबर अजून काळं कुळकुळीत. बायको इस्त्री करत होती, तो स्टुलावर बसून तिला सांगत होता, बाहीची घडी आधी मोड. दोन्ही हातांवर बोटं मोकळी सोडणारे घट्ट कापडी मोजे.

मी नाव सांगितलं. मग सगळं, सुरुवातीपासून, जमेल तेवढं सोपं करून. खोली, चार्ज, प्रश्न. त्याने मध्ये एकदाही थांबवलं नाही. बायकोचा हात मात्र थांबला आणि तिने इस्त्री उभी करून ठेवली.

"म्हणजे हे हात तुमच्यामुळे?" त्याने विचारलं.

"माझ्यामुळेही."

"कंपनीचे साहेब म्हणाले जेसीबीवाल्यामुळे."

"त्याच्यामुळेही."

त्याने उजव्या हाताचा मोजा दाताने ओढून काढला. तळवा गुलाबी, चकचकीत, लहान मुलाच्या कातडीसारखा. मधलं आणि अनामिका अशी दोन बोटं सरळच राहिलेली. "बघा नीट," तो म्हणाला. रागाने नाही, दुकानदार कापड दाखवतो तसं. मी बघितलं. त्याने बराच वेळ हात तसाच धरला आणि मी बराच वेळ बघत राहिले. रस्त्यावरून कुणीतरी कपड्यांचं बोचकं घेऊन आलं, ठेवून गेलं.

बायको म्हणाली, "मंगळवारी यांना बोटांच्या व्यायामाला न्यायचं असतं. मी गेले की टपरी बंद राहते. गिऱ्हाईक जातं."

तिने इस्त्री परत उचलली.

"किती वाजता?" मी विचारलं.

"दहा."

मंगळवार, ११ मार्च

साडेनऊला टपरीवर पोचले. भीमराज तयार बसला होता, केस विंचरलेले. रिक्षाने निघालो. नाहूरच्या बाजूला एका सोसायटीच्या भिंतीवरून बोगनवेल खाली आलेली होती, त्याने डोकं बाहेर काढून ती मागे जाईपर्यंत पाहिली.

हॉस्पिटलमध्ये एक तास बसलो. व्यायाम घेणाऱ्या मुलीने त्याच्या हातात मऊ चेंडू दिला आणि मला म्हणाली, "तुम्ही मोजा. वीस वेळा. मी पलीकडच्या पेशंटला बघून येते."

मी मोजायला लागले. तेराला कुणीतरी दारातून विचारलं, एक्स-रे कुठे आहे? भीमराजने माझ्याकडे पाहिलं. मी मान वर केली नाही. चौदा, पंधरा.

वीस झाले तेव्हा त्याच्या कपाळावर घाम होता. अनामिका थोडी वाकली होती, मधलं बोट नाही. "पुढच्या मंगळवारी," तो म्हणाला, आणि चेंडू माझ्या हातात दिला, धरायला.